वास्तू व्हय म्हणते

१

आमच्या कचेरीची पाटी सांगलीत गणपती पेठेत, एका अरुंद जिन्याच्या तोंडाशी होती. 'सोहोनी आणि मुजावर. नकाशापासून वास्तुशांतीपर्यंत.' वाचणाऱ्याला वाटे, काय हा एकोपा! खरं म्हणजे नकाशा माझा आणि त्यापुढचं सगळं जैनुद्दीन मुजावरांचं, आणि या दोहोंच्या मध्ये जी जागा उरते तिथं आम्ही रोज भांडत असू. मी मुंबईला कलाशाळेत शिकलो. मुजावर मिरजेत बापाच्या हाताखाली विटा भिजवत शिकले. मी कागदावर रेघ मारली की ते चष्मा कपाळावर चढवून विचारत, "ही कशावर उभी ऱ्हानार?" मी म्हणे, "ते तुमचं काम." ते म्हणत, "मग घर माझं म्हना की." यावर माझा अबोला सुरू होई. तुझं माझं जमेना आणि तुझ्यावाचून करमेना, अशातली आमची भागीदारी.

सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात शिराळ्याच्या अलीकडे सुभेदार लालासाहेब माने यांचं घर आम्ही पुरं करत आणलं होतं. लालासाहेब पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. इटलीत लढले आणि येताना तिथल्या कमानी डोक्यात घेऊन आले. गावातल्या भाऊबंदकीतून बाहेर, आपल्या उसाच्या मळ्यात, त्यांना मोकळं घर हवं होतं. कमान कशी हवी ते त्यांनी पहिल्या भेटीत दोन्ही हात हवेत फिरवून दाखवलं. "आशी. आन् हिच्या म्होरं आशीच आनी येक. खालनं मानूस गेला की त्येला वाटाय पायजे, कुनीतरी हाय."

मी अर्धगोल कमानींची झकास ओळ काढून दिली. मुजावरांनी बांधताना प्रत्येकीला वर हळूच टोक आणलं. मी म्हणालो, "ही दर्ग्याची कमान झाली." ते म्हणाले, "तुमची कमान कागदावर उभी ऱ्हाती, माझी जमिनीवर." लालासाहेब शांतपणे कमानींखालून पलीकडं गेले, पलीकडून परत आले आणि म्हणाले, "वाटतंय. कुनीतरी हाय."

वास्तुशांत झाली, भटजी जेवून गेले, सुभेदार आणि त्यांच्या मंडळी बनुबाई राहायला आल्या. आमचं आता किरकोळ काम उरलं होतं. बुधवारी किल्ल्या द्यायच्या आणि निघायचं, कारण शुक्रवारी मिरजेत मुजावरांच्या एकुलत्या दिलशादचा निकाह होता. ही पोर आमच्या कचेरीत माझ्या पेन्सिलींना टोकं करत वाढलेली. मला काका म्हणायची. तिनं बापाला आणि मला एकत्र बसवून बजावलं होतं, "कामापायी उशीर केलासा तर जल्मभर बोलनार न्हाई." मुजावर तेव्हापासून दिवसातून दहादा "शुक्रवार" म्हणत होते.

२

सोमवारी दुपारी मी माजघरात एकटाच होतो. जेवणं होऊन गडी आंब्याखाली आडवे झाले होते. मुजावर मोटारीखाली होते. आमची मोटार लढाईपासून कोळशाच्या गॅसवर चालायची, मागं मोठा बंब लावलेला, आणि ती जितकी चाले तितकेच मुजावर तिच्याखाली असत. नव्या घरात दुपारच्या वेळी ओल्या चुन्याचा गार वास असतो आणि आवाज कसलाच नसतो. मी पट्टी लावून खिडकी मापली आणि सवयीनं मोठ्यानं म्हणालो, "खिडकी बरोबर आहे."

"व्हय," कुणीतरी म्हणालं.

आवाज हळू होता आणि अगदी जवळचा होता. बाईचा की बाप्याचा, ते कळलं नाही. मी वळून पाहिलं. कुणी नव्हतं. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, मी स्वतःला समजावलं. पण 'आहे'चा प्रतिध्वनी फार तर 'हे' येईल, 'व्हय' कुठून येईल? मग कुणी गडी बाहेरून बोलला असेल. खिडकीतून डोकावलो, तर सगळे घोरत होते. मी परत आत वळलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "कमान मात्र मुजावरांनी बिघडवली."

"व्हय."

खोटं कशाला सांगू, मला भीती वाटली नाही. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांच्या धंद्यात बांधकामाच्या जागेवर माझ्याशी एकमत झालेलं हे पहिलंच कुणीतरी. मी लगेच आणखी चार मतं मांडली, त्यातली दोन मुजावरांच्या स्वभावाविषयी होती. सगळ्यांना 'व्हय' आलं.

संध्याकाळी चहाला मुजावर भेटले ते खुशीत होते. "सोहोनी, ह्या घरात कुनीतरी जाणकार हाय बघा," ते म्हणाले. "म्या सोप्यात हुबा ऱ्हाऊन म्हनलं, नकाशावानी केली आसती तर कमान कवाच पडली आसती. तर आतनं आवाज आला, व्हय."

"शक्य नाही. ते माझ्याशी सहमत आहे."

"आवं, माझ्याशी हाय!"

आम्ही कपबशा तिथंच टाकून माजघरात गेलो आणि कोर्टात उभं राहावं तसे दोघं दोन बाजूंना उभे राहिलो. मुजावर म्हणाले, "कमान टोकाचीच पायजे." व्हय. मी म्हणालो, "कमान गोलच पाहिजे." व्हय. पुन्हा त्यांनी म्हटलं, पुन्हा मी म्हटलं. ते जे कोण होतं त्याला स्वतःचं मत म्हणून नव्हतं. आमचा दोघांचाही विरस झाला, आणि मग बाहेर येताना माझ्या लक्षात आलं की खोलीत आम्हा दोघांशिवाय खरोखरच कुणी नाही. तेव्हा कुठं माझ्या अंगावर काटा आला.

३

बनुबाई मागच्या दारी भाकरी थापत होत्या. बाई धीराची. नवरा समुद्रापार लढत असताना एकटीनं ऊस सांभाळलेली. त्यांना आम्ही आडून आडून विचारलं, तर त्या हसल्या.

"त्यात काय नवाल? वास्तू तथास्तु म्हनती, म्हाईत न्हाई व्हय तुमास्नी? येवढी घरं बांधलीसा की."

"वहिनी, ती 'व्हय' म्हणते," मी म्हणालो.

"मग हितली वास्तू हितलंच बोलनार की. तिला संस्कुरत कुटलं येतंय?"

बनुबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि आवाज खाली आणून सांगितलं, "पर बोलताना जपायचं बगा. ती शबूद धरती. परवा म्या म्हनलं, ह्यांचं घोरनं येकदाचं थांबलं म्हंजी सुटले. ती म्हनली, व्हय. तवापासनं थांबलंय."

"वा! मग बरंच झालं."

"कशाचं बरं? झोपच लागंना त्येस्नी. हातरुनात बसून ऱ्हात्यात कमानीकडं बगत."

मी त्यावर पुष्कळ विचार केला. पलटणीतून आलेल्या माणसाला झोप लागत नाही, हे जगजाहीर आहे. नव्या घरात आवाज घुमतात, हेही जगजाहीर आहे. बायकांना या दोन गोष्टींची गाठ मारायला वेळ लागत नाही. मी मुजावरांना हे नीट पटवून दिलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि तेव्हापासून मला काही सांगायचं झालं की माझी बाही धरून आंब्याखाली न्यायला लागले.

४

मंगळवारी माणसं येऊ लागली.

काम संपलं होतं, गड्यांना नारळ देऊन निरोप दिला होता. तरी सकाळी सुतार सिद्धू दारात उभा. रंधा विसरला होता. रंधा घेऊन कमानीखाली बसला, बनुबाईंनी चहा दिला, संध्याकाळी "येतो" म्हणून गेला. चुना वाहणारी हरणाबाई आली, तिची बुट्टी राहिली होती. गुंडा लोहार आला, त्याला एका बिजागरीचा आवाज आठवून चैन पडत नव्हतं. बुधवारी सकाळी पुन्हा तिघं हजर. सिद्धूनं रंधा नेला होता, पण पटाशी राहिली होती. हरणाबाईनं नेलेली बुट्टी दुसरीचीच होती. गुंडाला आता दुसरी बिजागरी आठवत होती.

"काम सपलं सोहोनी," मुजावर म्हणाले, "पर मानसं सपंनात."

मला कारण दिसत होतं. बनुबाईंच्या हातचा रस्सा. नाहीतरी प्रत्येकाकडं येण्याचं कारण होतंच, आणि कारण असलं की माझ्यासारख्याचं समाधान होतं. फक्त त्या तिघांच्या चेहऱ्यावर जरा ओशाळल्यासारखं होतं. आपण का आलो हे आपल्यालाच सांगत बसल्यासारखं.

केरबाकडं मात्र कारण नव्हतं. केरबा गिलाव्याचा म्हातारा, आटपाडीकडचा. तोही मंगळवारपासूनच दुपारी येई आणि कुणाकडं न बघता सरळ माजघरात जाई. मग भिंतीकडं तोंड करून थापी चालू. थप थप. थप थप. गिलावा कधीच पुरा झाला होता, पण मुजावर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. गिलाव्याच्या मानसाला हात फिरवल्याबिगर चैन पडत न्हाई." केरबा मुळातच अबोल. त्याच्या पाठीशी बनुबाई चहाचा कप ठेवून येत. संध्याकाळी कप उचलताना बनुबाई दरवेळी म्हणत, "ह्येला माजा च्या आवडत न्हाई का काय?"

कप भरलेला असे. वर साय धरलेली असे.

५

आपल्याकडं घरातून निघताना 'जातो' म्हणायची सोय नाही. जाणारा एकदाच जातो. बाकी सगळे 'येतो' म्हणतात, मग ते शेजारी निघालेले असोत की लढाईवर. बुधवारी दुपारी आम्ही लालासाहेबांच्या हातावर किल्ल्या ठेवल्या, बनुबाईंनी आमच्या हातावर साखर ठेवली, आणि आम्ही जन्मभराच्या सवयीनं म्हणालो, "येतो."

"व्हय," आतून आलं.

वाटेतल्या पेठ गावच्या नाक्यापर्यंत गेलो आणि मुजावरांनी कपाळावर हात मारला. दिलशादची जरीची ओढणी, कोल्हापुरातून मुद्दाम आणलेली, सुभेदारांच्या सोप्यातल्या कोनाड्यात राहिली होती. परत फिरणं भागच होतं. येईपर्यंत दिवस कलला, लालासाहेबांनी मुक्काम करायला लावलं. ओढणी राहणं साहजिक होतं. मुजावरांचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

गुरुवारी सकाळी आटपाडीहून केरबाचा पुतण्या ज्योतिबा आला. चांगला दांडगा गडी. सोप्यात टेकला, पाणी प्याला आणि म्हणाला, "काकाची थापी हितं ऱ्हायली आसंल. घिऊन जावी म्हनलं."

"त्यो दुपारी येतोय की. त्येलाच माग," मुजावर म्हणाले.

"कोन येतोय?"

"केरबा."

ज्योतिबानं आमच्याकडं पाळीपाळीनं बघितलं. "काका गेलं की," तो म्हणाला. "मागल्या आमुशेला. हितनं ताप घिऊनच आलं हुतं."

लालासाहेबांच्या हातात अडकित्ता होता, तो तसाच उघडा राहिला. ज्योतिबा खाली मान घालून सांगत होता, "तापात सारकं उठून बसायचं. सोडा मला म्हनायचं. येतो म्हनून आलोय तितं, जायाला पायजे. आमी चौघांनी धरून ठिवलं, पर..."

थप थप, माजघरातून आलं.

आज तो दुपारची वाट न बघताच आला होता.

ज्योतिबा गेला. थापी न घेता गेला, 'येतो' न म्हणता गेला, उसातून आडवा गेला. त्याच्या वहाणा आमच्या पायरीवरच राहिल्या.

मी या घराचा नकाशा काढला होता. माझ्याच माजघरात डोकावायला मी कचरलो असतो तर मुजावरांनी ते जन्मभर ऐकवलं असतं. मी दारापर्यंत गेलो. केरबा पाठमोरा होता, पटक्याचा सोगा मानेवर, पाठ चुन्यानं पांढरी, हात हळूहळू गोल फिरत होता. गिलावा ओला दिसत होता. पूर्वेच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा आला होता आणि समोरच्या भिंतीवर पडला होता. मध्ये केरबा उभा होता, तरी पट्टा अख्खा पडला होता.

मी बाहेर आलो. मुजावरांनी विचारलं, "काय?" मी म्हणालो, "काही नाही. गिलावा चांगला करतोय."

६

मुजावरांनी बाही धरून मला आंब्याखाली नेलं. मग म्हणाले, "म्हंजी सोहोनी, मेल्यावरबी ह्या कामावर यायचं?"

"असं दिसतंय."

"त्या कमानीखाली बसायचं?"

"हो."

"तुमच्यासंगट?"

मी मान हलवली. ते मटकन खाली बसले. आधी मला वाटलं, माझ्या सहवासाचा हा परिणाम. पण ते रडत होते. "उद्याच्याला माज्या पोरीचा निकाह हाय वो. ती वाट बगत बसंल. आन् मला हितं काय ना काय इसरल्यालं आठवंल." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आमच्या भागीदारीत हे पहिल्यांदाच घडत होतं. मला त्यांची फार दया आली, आणि माझीही आली, कारण त्यांच्याबरोबर मीही 'येतो' म्हणालोच होतो.

उपाय सोपा होता. 'येतो' म्हणायचं नाही. आम्ही तालीम केली. मुजावर बनुबाई झाले आणि मी निघालो, मग मी बनुबाई झालो आणि ते निघाले. तोंडातून ब्र काढायचा नाही, नुसता नमस्कार करायचा. मोटारीचा बंब पेटवला, आम्ही ओठ घट्ट मिटून पायरीशी उभे राहिलो. बनुबाई हातावर दही घेऊन बाहेर आल्या. पदर सावरून मायेनं म्हणाल्या, "येता न्हवं?"

"येतो!" आम्ही दोघं एका सुरात म्हणालो.

"व्हय."

मुजावरांनी तिथल्या तिथं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. तरी आम्ही निघालो. इस्लामपूर दिसू लागलं आणि कोळसा संपला. एका कमानीवरून आमचा वाद रंगल्यामुळं कोळशाचं पोतं आंब्याखालीच राहिलं होतं, आणि आसपास कोळसा असेल तर तो सुभेदारांच्याच गोठ्यात. हे कारण इतकं बिनतोड होतं की मला ते मनातल्या मनात तपासूनही खोट सापडेना. बैल जुंपून मोटार ओढत आणली. कमानींखाली सिद्धू, हरणाबाई आणि गुंडा ओळीनं बसले होते. त्यांनी आम्हाला पाहून थोडं सरकून घेतलं.

७

शुक्रवारी तांबडं फुटता फुटता मी बनुबाईंना आंब्याखाली बोलावलं. मला रात्रीतून युक्ती सुचली होती. ती सांगितली, तर त्यांनी कानावर हात ठेवले.

"माज्या दारातनं जानाऱ्याला म्या परत येऊ नगा म्हनू? सायेब, माजी जीब झडंल!"

"आसं बोलू नगा!" मुजावर ओरडले. आम्ही सगळे श्वास धरून घराकडं बघत राहिलो. घर लांब होतं. काही ऐकू आलं नाही.

"घरची लक्ष्मी तुम्ही," मी म्हणालो. "तुमच्या शब्दाला ती व्हय म्हणेल. दिलशादसाठी, वहिनी."

लालासाहेब डोळे चोळत म्हणाले, "म्हन गं. हुकूम समज." बनुबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं की इटलीत दोन पदकं मिळवलेला तो माणूस गोठ्याकडं निघून गेला. पण बाई उठल्या. डोक्यावर पदर घेतला, सोप्यात मधोमध उभ्या राहिल्या आणि एकेकाला पुढं बोलावलं. सिद्धूच्या हातात भाकरी-चटणीचं फडकं दिलं आणि रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "परत येऊ नगंस, बाबा." व्हय. हरणाबाईला खण दिला. "परत येऊ नगं, बाय." व्हय. गुंडालाही सांगितलं. व्हय. इतक्या प्रेमानं कुणी कुणाला हाकललेलं मी पाहिलं नाही. तिघं बांध ओलांडून गेले आणि गुंडा चक्क गाणं म्हणत गेला.

"केरबाला?" मी हळूच विचारलं.

"त्येला म्या काय सांगू?" बनुबाई म्हणाल्या. "त्यो काय कुनाचं खातोय का पितोय?"

मग मुजावर. ओढणीचं पुडकं छातीशी धरून ते पुढं आले आणि बाईंच्या पाया पडायला वाकले, तर बाईच मागं सरल्या. "मुजावरभाऊ, दिलशादला माजा आशीर्वाद सांगा. लय सुकात ऱ्हा म्हनावं. आन्..." त्यांना हुंदका आला. "आन् परत येऊ नगासा."

"व्हय."

मुजावर एका दमात कमानीखालून बाहेर पडले ते मोटारीपाशीच थांबले. तिथून मला हात करण्यासाठी ते वळले आणि गंमत म्हणून एक पाऊल परत टाकू गेले. पाऊल उचललंच नाही. त्यांनी दुसरं टाकून बघितलं. तेही नाही. मग ते लहान पोरासारखे हसत सुटले आणि मला ओरडून म्हणाले, "सोहोनी, जमलं! या लौकर! पोरगी वाट बगतीया!"

माझी पाळी. बनुबाईंनी डोळे पुसले. आता त्यांना सराव झाला होता. "सोहोनीसायेब," त्या म्हणाल्या, "तुमी परत यायचं न्हाई."

काहीच आवाज आला नाही. बाहेर बंब फुरफुरत होता. आत थापी चालली होती, ती थांबली.

"न्हाई," घर म्हणालं.

बनुबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मी मात्र लगेच तर्काला लागलो. आपल्या भाषेत 'यायचं नाही' याला 'नाही' म्हटलं, तर तो होकारही असू शकतो. नाही, यायचं नाही. म्हणजे ती कबूलच झाली! मी हे बनुबाईंना समजावून सांगितलं. त्यांना पटलेलं दिसलं नाही. खरं तर मलाही पटलं नव्हतं. संशय फिटायचा असेल तर ज्याचे दोन अर्थ होत नाहीत असा शब्द वापरायला हवा होता, आणि तो मला ठाऊक होता. लहानपणी तो तोंडातून निसटला म्हणून आईनं मला उंबऱ्यावरून परत आत बोलावून पाणी पाजलं होतं. बाहेर मुजावरांनी भोंगा वाजवला. दिलशादचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला.

"मी जातो," मी म्हणालो.

बनुबाईंनी तोंडावर पदर दाबला.

"न्हाई," ती म्हणाली. हळू म्हणाली, अगदी जवळून म्हणाली, आणि त्या आवाजात इतकी माया होती की मला रडू फुटलं.

मुजावर भोंगा वाजवत होते, मला हाका मारत होते, शिव्या देत होते. आत येऊन मला दंडाला धरून ओढण्यासारखा तोच एक माणूस होता, आणि आम्ही नुकतंच त्याला कायमचं बाहेर केलं होतं. "घर तुमचं, सोहोनी!" ते रडत ओरडत होते. "म्या म्हनतो की, तुमचंच! या आता भाईर!" मी त्यांना हातानं खूण केली, निघा. दिलशादसाठी त्यांना निघणं भाग होतं.

माझे पाय आपसूक माजघराच्या दाराशी गेले होते. केरबानं वळून बघितलं नाही. तो भिंतीकडं तोंड करूनच जरासा बाजूला सरकला आणि त्यानं माझ्यासाठी जागा केली.